नासपतीचा रस

माझे बाबा प्यायचे. रात्री आमच्या घरात कधी तमाशा झाला नाही, ते गुपचूप येऊन झोपायचे. कळायचं ते सकाळी. रविवारी पडदे ओढलेले, रेडिओ बंद, आईला मिक्सर लावायची चोरी. आतून हाक यायची, "लिंबूपाणी दे गं." लहानपणापासून मी दारू अशी सकाळवरून ओळखायला शिकले. शेवटी त्याच दारूनं बाबा गेले.

लग्न ठरलं तेव्हा हे सगळं मी नवऱ्याला मोकळेपणानं सांगितलं होतं. बाहेर कुणाला बोलले नव्हते, त्याला बोलले. त्यानं बाबांच्या फोटोला हात लावून शपथ घेतली, आयुष्यात थेंब घेणार नाही. मी तिथंच रडले होते. तो फोटो मी साड्यांच्या घडीत ठेवून अमेरिकेत आणला.

दोन हजार चारच्या सुमारास आम्ही पिस्कॅटवेला होतो. तो आयटीत, मी डिपेंडंट व्हिसावर घरात. वरच्या अपार्टमेंटमध्ये एक कोरियन बाई मुलाबरोबर राहायच्या. मी त्यांना आंटी म्हणायचे. इंग्लिश दोघींचंही यथातथाच, त्यामुळे छान जमायचं.

भाद्रपदाच्या पौर्णिमेला त्यांचा मोठा सण. त्या दिवशी त्या नासपतीचा अख्खा खोका घेऊन आल्या. एकेक फळ नारळाएवढं, तपकिरी सालीचं, पांढऱ्या फोमच्या जाळीत बसवलेलं. आज आम्ही पूर्वजांपुढे हे ठेवतो, म्हणाल्या. मी म्हटलं, अहो, आमचाही पितृपक्ष आजपासूनच! त्यांनी हौसेनं दाखवलं, फळाची वरची चकती कापून ठेवायची, म्हणजे गेलेल्या माणसाला खाता येतं. मी तशीच एक कापून बाबांच्या फोटोपुढे ठेवली. मला फार बरं वाटलं.

त्यानंतर काही दिवसांनी नवरा म्हणाला, "ऑफिसच्या एसीनं घसा धरतोय यार. आंटी म्हणत होत्या, नासपतीचा रस घशाला चांगला. शुक्रवारी करून ठेवत जाशील?" शुक्रवारी संध्याकाळी तो मित्राकडे कॅरम खेळायला जायचा. मी म्हटलं, करते की, त्यात काय! साल काढायची, किसायचं, फडक्यातून पिळायचं. मनगटं भरून यायची. खोका संपला तर कोरियन दुकानातून मी नवा आणवायचे. ग्लासभर रस पिऊन तो निघायचा, आणि शनिवारी सकाळी टवटवीत. पोहे खाऊन मला ग्रोसरीला ड्राइव्ह करून न्यायचा. मी आईला फोनवर सांगायचे, तुझ्या जावयाची शनिवार सकाळ बघायला हवी होतीस गं. आईला केवढं समाधान वाटायचं!

एका शुक्रवारी दुपारी आंटी आल्या, तेव्हा मी किसत बसले होते. त्या कौतुकानं हसल्या. "गुड वाइफ," म्हणाल्या. मग बोटानं बजावलं, बिफोर ड्रिंकिंग, आफ्टर नो यूज.

मी म्हटलं, "नो नो आंटी, फॉर थ्रोट. माझा नवरा ड्रिंक करत नाही."

त्या गोंधळल्या. खाली पार्किंगमध्ये त्यानंच तर विचारलं होतं, म्हणाल्या. सकाळी डोकं दुखू नये, तोंडावर दिसू नये, त्याला काही उपाय आहे का? मग त्यांनी त्याला सांगितलं होतं, आमच्याकडची पुरुषमंडळी पिण्याआधी नासपती घेतात. युवर हजबंड, व्हेरी हॅपी.

माझ्या हातात किसणी तशीच राहिली. आंटी बिचाऱ्या सॉरी सॉरी करत गेल्या. त्यांचा काय दोष!

अरे, केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच ना? नुसता प्याला असता तर मी भांडले असते, रडले असते. पण मी कुठे बघते हे त्याला ठाऊक होतं, कारण मीच विश्वासानं सांगितलं होतं. त्यानं नेमकी तेवढीच जागा पुसून घेतली, आणि तीही माझ्याच हातांनी. माझ्या आईला निदान माहीत तरी होतं.

तो आला तेव्हा मी ग्लास दिला नाही. सरळ विचारलं. आधी त्यानं उडवून लावलं, मग खाली मान घालून म्हणाला, "अगं, थोडीशीच घेतो. तुला सकाळी कधी त्रास झाला का?"

"शपथ कुणाची घेतली होतीस?"

"किती ताणतेस! तुझे बाबा आणि मी एक आहोत का?" म्हणाला, आणि गाडीची किल्ली उचलून कॅरमला निघून गेला. त्या दिवशी रसाशिवाय.

शनिवारी उजाडून बराच वेळ झाला तरी तो उठला नाही. मी दार ढकललं तर पडदे ओढलेले. उशीत तोंड खुपसून तो म्हणाला, "लिंबूपाणी दे गं."

तीच हाक, तोच सूर. क्षणभर माझे पाय आपसूक लिंबाकडे वळलेही. मग मी स्वयंपाकघरात गेले, भांड्यात खोबरं घातलं आणि मिक्सर लावला. आतून ओरडा आला, "बंद कर ते!" चटणी केव्हाच वाटून झाली होती. मी बटणावरचा हात काढला नाही.