खंडेनवमीला रीस्टार्ट

"मॅडम, फाईल डिलीट केली तरी डिस्कवर जागाच होत नाहीये. रीस्टार्ट मारू का?"

वैशालीचा फोन आला तेव्हा मी ठाण्यात, नौपाड्यातल्या एका ऑफिसात प्रिंटरशी झटापट करत होते. लिनक्स सर्व्हर सांभाळणं हा माझा धंदा. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच ऑपरेटिंग सिस्टीम, पण फुकट मिळणारी आणि कोणालाही आतून उघडून बघता येणारी. छोट्या कंपन्या ती बसवून घेतात आणि अडलं की मला बोलावतात. वैशाली डोंबिवली एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटरचं सगळं बघते. तिथे कृत्रिम पाय बनतात.

"कुठली फाईल?" मी विचारलं.

"नावाच्या जागी नुसते आकडे होते. सगळ्यात मोठी तीच. काल दसऱ्याची साफसफाई काढलेली ना आम्ही. सरांना विचारलं, तावडेमामांना विचारलं, कोणालाच माहीत नाही कशाची ते. म्हटलं, टाकूया काढून."

घरच्या माळ्यावर हा नियम ठीक आहे. ज्या डब्याला कोणी वाली नाही तो भंगारात. पण ती फाईल म्हणजे त्यांचा सगळा डेटाबेस होता. प्रत्येक पेशंटच्या पायाचं स्कॅन, त्यावरून बनवलेल्या सॉकेटचं, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो त्या कवचाचं, माप, कुठे टोचत होतं, कुठे सैल होतं आणि प्रत्येक ट्रायलनंतर काय बदललं, सगळं त्यात. हे गेलं तर प्रत्येक माणसाला एका पायावर परत डोंबिवलीला यावं लागणार आणि ते टोचणं पहिल्यापासून सोसावं लागणार.

"वैशाली, नीट ऐक. रीस्टार्ट नाही. शटडाऊन नाही. सॉफ्टवेअर बंदसुद्धा करायचं नाही. कशालाही हात लावू नकोस."

"पण सॉफ्टवेअर तर मस्त चालू आहे."

"म्हणूनच सांगतेय."

लिनक्समध्ये फाईल डिलीट केली की आधी फक्त तिचं नाव जातं. दारावरची पाटी काढली तरी भाडेकरू आत राहतच असतो, तसं. एखादा प्रोग्राम ती फाईल उघडून बसला असेल तर तो उठेपर्यंत फाईल शाबूत असते. म्हणून तर जागा मोकळी होत नव्हती. प्रोग्राम बंद झाला की मात्र घर रिकामं, आणि तिथे दुसरं काहीही येऊन बसतं.

बॅकअप होता, पण तो आरशासारखा. रोज रात्री सर्व्हरवर जे असेल तेच दुसऱ्या डिस्कवर. काल संध्याकाळी इथून फाईल गेली आणि रात्री तिथूनही गेली. याशिवाय वेगळा, जुन्या तारखांचा बॅकअप ठेवा असं मी तीनदा लिहून दिलं होतं. मालक बघू म्हणाले होते.

बाहेरून त्या सर्व्हरमध्ये शिरायची सोय सुरक्षेसाठी बंद होती. फोनवरून कमांड सांगाव्यात तर वैशालीचा आवाज एव्हाना रडवेला झालेला. मी टॅक्सी केली. शिळफाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकले असताना एकदम आठवलं, आज खंडेनवमी. वर्कशॉपमध्ये आज यंत्रांची पूजा असणार. आणि पूजेला यंत्रं बंद ठेवतात.

वैशालीला फोन लावला. उचलला नाही. परत लावला, नाही उचलला. मालक सामंत सरांचा फोनही नुसता वाजत राहिला. मी मुळात भित्री आहे. त्या टॅक्सीत मी आळीपाळीने दोघांचे नंबर लावत राहिले आणि ड्रायव्हरने दोनदा विचारलं, "मॅडम, तबीयत ठीक है ना?"

पोचले तर आत धुपाचा वास, लेथला झेंडूची माळ, प्रत्येक यंत्रापुढे नारळ. दिवे बंद. आणि सर्व्हरच्या खोलीतून यूपीएसची शिट्टी ऐकू येत होती. म्हणजे मेन स्विच खाली होता आणि सर्व्हर बॅटरीवर तग धरून होता. बॅटरीचा शेवटचा दिवा लुकलुकत होता. वैशाली दाराला पाठ लावून उभी होती, कोणी आत जाऊ नये म्हणून. तिचा फोन देवासमोर ठेवलेला, सायलेंटवर.

"मामा, मेन वर करा! आत्ता!" मी ओरडले.

तावडेमामा तिथले फोरमन. हातात हळदीकुंकवाची वाटी. ते बोर्डाकडे गेले, पण बोर्डाला हात लावला नाही. मागे वळून हाका मारायला लागले. "लेथवर कोण हाय? ग्राइंडरमदी कोणाचा हात नाय ना? बाजूला व्हा सगळे."

"मामा, बॅटरी जाईल हो!"

"जाऊ दे. पोरं यंत्रं पुसतायत. इथं पाय बनवतो आपण, हात तोडायचे नाहीत."

बरोबर होतं त्यांचं. तरीही त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला. ते एकेका यंत्रापाशी जाऊन वाकून बघत होते आणि मी यूपीएसच्या दिव्याकडे बघत होते. अखेर खटका वर गेला. दिवे लागले, शिट्टी थांबली. मी खुर्चीत बसले.

आता खरं काम. कुठल्या प्रोग्रामने कोणत्या फायली उघडून धरल्यात ते दाखवणारी एक कमांड असते. ती चालवली. यादीत आपली फाईल होती, पुढे 'डिलीटेड' असा शेरा. जीव होता अजून. चालू डेटाबेसची कॉपी काढताना मधेच कोणी काही लिहिलं तर कॉपी बिघडते, म्हणून प्रोग्राम आधी जागच्या जागी थिजवायचा. त्याची कमांड मी टाईप केली तेव्हा सामंत सर मागे येऊन उभे होते.

"अहो, हे 'किल' काय लिहिताय?"

"मारत नाहीये सर. थांबवतेय फक्त. कमांडचं नावच तसं आहे."

"नक्की ना?"

"सर, प्लीज, बोलू नका."

लिनक्स प्रत्येक उघड्या फाईलला मागच्या बाजूने एक दार ठेवतं. त्या दारातून मी फाईल माझ्या डिस्कवर कॉपी करायला लावली. बाहेर आरती थांबली होती. सगळे दारात गोळा झालेले. त्यांच्यात खडवलीहून आलेल्या कमलताई होत्या, ट्रायलला सकाळीच पोचलेल्या, कुबड्यांवर. साखरेच्या आजारात पाय गेलेला. त्यांच्या सॉकेटवर दोन महिने काम चाललं होतं.

"बाई, माझा पाय हाय ना त्याच्यात?" त्यांनी विचारलं.



कॉपी झाली. आकार जुळला. ती माझ्या लॅपटॉपवर उघडून तपासली, कुठे तुटलेली दिसली नाही. पण आता मूळ प्रोग्राम बंद करून या कॉपीवर नव्याने सुरू करायचा होता. बंद केला की मूळ फाईल कायमची गेली. मी कॉपीची आणखी एक कॉपी काढली. मग आणखी एक. तरी एंटर दाबायला बोट उतरेना.

"वैशाली, तू दाब," मी म्हणाले.

"नको हो मॅडम."

मीच दाबलं. स्क्रीन काळा झाला, कर्सर लुकलुकला. प्रोग्राम उभा राहायला एरवी लागतो तेवढाच वेळ लागला असणार. वैशालीने कमलताईंचं नाव टाकलं. स्क्रीनवर राखाडी रंगाचा पाय उमटला, गुडघ्याखालपर्यंतचा, त्यावर लाल खुणांनी सगळ्या दुरुस्त्या. कमलताईंनी कुबडीवरचा एक हात सोडून एका खुणेवर बोट ठेवलं. "हितंच टोचायचं," म्हणाल्या. वैशाली तोंड लपवून रडायला लागली आणि मामांनी तिच्या हातात नारळ दिला, फोड म्हणाले.

तुमच्या घरी, ऑफिसात लिनक्स असेल तर एवढं ध्यानात ठेवा. चुकून काही डिलीट झालं आणि प्रोग्राम चालू असेल तर आधी हात मागे घ्या. जागा होत नाही म्हणून लगेच रीस्टार्ट मारू नका. आणि आरशाला बॅकअप म्हणू नका.

सामंत सरांनी दुसऱ्याच दिवशी तारखांचा बॅकअप मंजूर केला. आता खंडेनवमीला सर्व्हर चालूच असतो. त्याच्या शेजारी बॅकअपची डिस्क ठेवतात, पण कुंकू लावायच्या आधी वैशाली त्या डिस्कवरून एक पेशंट उघडून दाखवते. दरवर्षी ती कमलताईंचाच पाय उघडते.