खोटा कचरा

पिशवी हातात घ्यायची, कानाशी नेऊन दोनदा हलवायची आणि म्हणायचं, "दीड किलो. घरी पाहुने हायेत."

कचरा निवडणाऱ्या बाईंचं हे बोलणं ऐकून पहिल्या दिवशी मी हसलो होतो. पिशवी काट्यावर ठेवली तर काटा दीड किलोच्या आसपास जरासा थरथरला आणि तिथेच थांबला. उघडून पाहिली तर चहाचा चोथा एरवीच्या तिप्पट. तेव्हापासून मी हसायचं बंद केलं.

आमचं काम ऐकून लोक नाक मुरडतात. तुम्हीही मुरडाल, म्हणून आधीच सांगून टाकतो. महापालिकेतर्फे दरवर्षी सात दिवस धरमपेठ आणि मनीषनगरातल्या ठरावीक घरांचा कचरा गोळा करायचा, ताडपत्रीवर ओतायचा, साली, कागद, प्लास्टिक, काच असे ढीग लावायचे आणि तोलायचे. शहराचा कचरा वाढतोय की कमी होतोय, त्यातलं किती पुन्हा वापरात जातं आणि किती डम्पिंग यार्डाच्या डोंगरावर, याचा आलेख त्यावरून निघतो. आलेख मी काढायचो, हात बाई घालायच्या. त्यांचं अर्धं आयुष्य रस्त्यावर भंगार वेचण्यात गेलं होतं. आता त्या आमच्याकडे रोजीनं यायच्या.

घराघरांतलं काय काय त्यांना कळायचं! कुणाकडे भांडण झालं, कुणाकडे बाळ आलं, कोण चोरून ओढतो. पण नाव कधी घेतलं नाही. "कचरा पाहाचा गा साहेब, नाव नाई घ्याचं," हा त्यांचा कायदा. एकदा मी हौसेनं माझ्याच घरची पिशवी नंबर टाकून त्यांच्यासमोर ठेवली. बाईंनी ती ओतली आणि पेपराच्या चार घड्यांत गुंडाळलेला संत्रा बर्फीचा रिकामा डबा बाहेर काढला.

"ह्या घरच्या मान्साले शुगर हाय," त्या म्हणाल्या. "गोळ्याईचं पाकीट वर, अन् डबा पार खाली. बायकोले मालूम नाई."

मी वहीत डोकं खुपसलं.

"नाव नाई घेत मी," बाई म्हणाल्या, "पन त्यानं डबा हापिसात फेकाले पाह्यजे."

आता एका वर्षाची गोष्ट. मनीषनगरच्या टोकाला कचरा निवडायची एक पत्र्याची शेड आहे. तिथे अकरा बायका काम करतात. सगळ्या पूर्वी बाईंसोबत भंगार वेचणाऱ्या. बाईंनीच एकेकीला हाताला धरून तिथे लावलेलं. त्या वर्षी वरून फर्मान आलं की सर्वेक्षणात पुन्हा वापरण्याजोगा माल गेल्या वर्षीपेक्षा कमी निघाला, तर शेड बंद आणि सगळा कचरा थेट यार्डावर.

आणि नेमका त्याच वर्षी मी शहाणपणा केला. सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सविनय निवेदन टाकलं: 'सोमवारपासून आपल्या घरच्या कचऱ्याचा अभ्यास होणार आहे. सहकार्य करावे.'

सहकार्य तरी किती करावं! सोमवारी पिशव्या आल्या त्या सुवाच्य अक्षरात 'ओला' लिहून. एका वहिनींनी केळ्यांच्या साली जुळवून त्यांना रबर लावलं होतं. एका आजोबांनी चिठ्ठी जोडली होती, 'आम्ही प्लास्टिक वापरत नाही.' बाटल्या, खोकी, दह्याचे डबे, सगळं त्या आठवड्यात भंगारवाल्याकडे गेलं, नाहीतर मागच्या रिकाम्या प्लॉटवर. पाहुणे येणार म्हटल्यावर घर आवरतात, तसा लोकांनी कचरा आवरला होता.

सातव्या दिवशी बाईंनी शेवटची पिशवी हलवली आणि खाली ठेवली.

"साहेब, हा कचरा खोटा हाय."

माल गेल्या वर्षीच्या निम्माही भरत नव्हता. माझ्या डोळ्यांसमोर त्या अकरा जणी यायला लागल्या. मी हळूच म्हणालो, "बाई, थोडं वाढवून लिहू का? कुणाला कळतंय?"

बाई अशा भडकल्या की मी ताडपत्रीवरून मागे सरकलो. "काहून वाढवता? चूक तुमी केली, तं जाऊन सांगा ना तुमी! माया बायाईच्या नावानं खोटं नोका लिहू."

मग आम्ही दोघं मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये उभे राहिलो. मी चूक कबूल केली आणि पुन्हा सर्वेक्षण करू द्या म्हणून विनवलं.

साहेब म्हणाले, "कचरा कधी खोटा असतो का हो? माझंही घर आहे तुमच्या यादीत. आमच्याकडे बाराही महिने असाच निघतो."

बाईंनी एक पिशवी त्यांच्या टेबलावर ठेवली. "हे आज सकाळी उचलली. न सांगता. कोनाची हाय ते मी नाई सांगत."

पिशवीवर घराचा नंबर होता. साहेबांनी तो पाहिला. बाईंनी गाठीला हात लावला मात्र, साहेब खुर्चीतून अर्धे उठले.

"राहू द्या, राहू द्या! घ्या पुन्हा. पण याच आठवड्यात सुरू करा."

जिन्यात मी विचारलं, "काय होतं हो त्यात?"

"मले काय मालूम?" बाई म्हणाल्या. "त्याईलेच मालूम."

दुसऱ्यांदा कुणाला पत्ता लागू दिला नाही. पण पहिली पिशवी आली आणि बाई काट्याकडे पाठ करून बसल्या. "माया बाया हायेत त्या शेडात. माया हातावर भरोसा नोका ठेवू." त्यामुळे ढीग लावायची पाळी माझ्यावर आली. तीन दिवस मला जेवण गेलं नाही. बाई भिंतीकडे तोंड करून दर पाच मिनिटांनी विचारायच्या, "काय निंगालं गा साहेब?" आणि मी तोंड उघडलं की ओरडायच्या, "नोका सांगू!" सात दिवस असे गेले. माझं वय त्या सात दिवसांत वाढलं.

माल गेल्या वर्षीपेक्षा थोडासा जास्त भरला. थोडासाच, पण जास्त. मी आकडा सांगितला तशा बाई उठल्या, पदर तोंडाला लावला आणि शेडच्या दिशेनं चालायला लागल्या. त्यांना तसं चालताना पाहून मला जे बरं वाटलं, ते नोकरीत पुन्हा कधी वाटलं नाही.

बाई गेल्या वर्षी खाप्याला, लेकीच्या घरी वारल्या. त्या दिवशी अकराही जणी खाप्याला गेल्या. शेड उघडलीच नाही. शेडमध्ये रोज किती माल निवडला जातो, याचाही आलेख आता मी काढतो; वर्षभर थोडी वर, थोडी खाली अशी चालणारी त्याची रेघ त्या एका दिवशी सरळ शून्याला टेकते.

साहेबांनी त्यावर बोट ठेवलं. "हा खड्डा कसला? सरासरी टाका आणि भरून घ्या. बरं दिसत नाही."

मी हो म्हणालो आणि भरला नाही. अहवाल आता छापून आलाय, कुणीही उघडून पाहावा. त्या तारखेसमोर शून्य आहे.