वच्छलाबाईची दुसरी साक्ष

डोळ्यांनी धडधडीत पाहिलेली गोष्ट "मी नाही पाहिली" असं तुम्ही कधी सांगितलंय? सांगितलं असेल तर उगाच लाजू नका. वच्छलाबाईनंही सांगितलं होतं, आणि तेही पोलिसांना.

वच्छलाबाई मूळची कुहीकडची. नवरा गेल्यावर नागपुरात आली आणि गांधीबागेत एका ठोक साडीवाल्याकडे तिसऱ्या मजल्यावर साड्यांच्या घड्या घालायला लागली. टीबीनं अंथरूण धरलं तेव्हा सख्ख्या भावानं दारातूनच विचारपूस केली. शेजारची भीमाबाई मात्र आत येऊन बसली. तिनं भांडं उचललं, थुंकी पुसली. भीमाबाई ख्रिस्ती. वच्छलाबाई बरी झाली आणि तिच्यामागून मंडळीत, म्हणजे तिच्या चर्चमध्ये, जाऊ लागली, ती कायमची.

मंडळीत दर रविवारी साक्ष असते. म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. यात वच्छलाबाईचा हात धरणारं कोणी नव्हतं. खोकल्याची गोष्ट सांगताना कुठं थांबायचं, आवाज कुठं बारीक करायचा, कुठल्या वाक्याला बायांचे पदर डोळ्यांकडे जातात, सगळं पाठ. दुकानातला हमाल नत्थूजी तिला चिडवायचा, "काय वं हालेलुया, आज तुह्या देवानं किती गठ्ठे उचलले? पाठ तं माहीच दुखून राहिली." ती हसायची.

मार्चमधल्या एका दुपारी त्याच नत्थूजीची पाठ मोडली.

दुकानात माल चढवायची लिफ्ट होती, माणसांसाठी नव्हतीच. तिची तार उसवत आलेली आंधळ्यालाही दिसली असती. त्या दुपारी गठ्ठा मध्येच अडकला. मालकाचा मुलगा, ज्याला सगळे छोटे शेठ म्हणतात, म्हणाला की आत जाऊन ढकल. नत्थूजी म्हणाला, तार तुटून राहिली. छोटे शेठ म्हणाले, जायचं नसेल तर उद्यापासून घरीच बस. नत्थूजी आत गेला. वच्छलाबाई चार हातांवर उभी होती, हातात अर्धी घडी घातलेली साडी. जिन्यापाशी मुनीम मनोहरराव होते. तेही तिच्याच मंडळीतले, कमिटीवरचे. दोघांनी सगळं ऐकलं, सगळं पाहिलं.

नत्थूजी जगला, पण कमरेखालचं अंग गेलं. छोट्या शेठनी पोलिसांना सांगितलं, हमाल दारू प्यायलेला होता, नको म्हटलं तरी आत शिरला. ज्यानं जन्मात थेंब घेतला नाही तो माणूस अर्ध्या तासात दारुडा ठरला. मनोहररावांनी सांगितलं, मी खाली होतो. वच्छलाबाईनं सांगितलं, माझी तिकडे पाठ होती.

पाचव्या दिवशी तिला फोन आला. कोणी पुरुष म्हणाला, बाई, तुमची साक्ष पाहिजे. तिला वाटलं, दुसऱ्या एखाद्या मंडळीचं बोलावणं असेल.

"कोणत्या मंडळीतून बोलून राहिले भाऊ?"

"मंडळी कायची? ठाण्यातून बोलून राहिलो. नत्थूजीनं तुमचं नाव सांगितलं. म्हणे हालेलुयाले विचारा, ते बाई खोटं नाही बोलत."



दुसऱ्या दिवशी मनोहरराव घरी आले. काखेत रेक्झिनच्या कव्हरातलं बायबल. चहा घेता घेता त्यांनी हळू आवाजात सांगितलं की ठाण्यातून फोन आल्याचं छोट्या शेठच्या कानावर गेलंय. ही बाई दुकानातल्या बायांना बाटवते, अशी तक्रार द्यायला त्यांना दोन मिनिटं लागणार नाहीत. मग पोलीस हिच्याच दारात, गल्लीत दगड, आणि मंडळीच्या दाराला कुलूप. यातलं काही खोटं नव्हतं. हे असं होऊ शकतं, हे तिलाही माहीत होतं. शेवटी त्यांनी डोळे मिटून फार सुंदर प्रार्थना केली.

"प्रभूवर सोपवू या, ताई. त्यानं सगळं पाहिलं आहे."

"त्यानं पाहिलं भाऊ. पण ठाण्यात त्याले नाही बोलावलं, मले बोलावलं."

मनोहरराव चहा अर्धा टाकून उठले.

बोलून गेली खरी, पण त्यानंतर तिची जी गत झाली ती कोणाची होऊ नये. भर उन्हात एक मोटरसायकल तिच्या दारासमोर येऊन उभी राहायची. वरचा माणूस काही बोलत नव्हता, काही करत नव्हता, फक्त इंजिन चालू ठेवायचा. आवाज आला की ती ताटावरून उठायची. कडी लावून ती मोरीत जाऊन बसायची आणि देवाजवळ मागायची. हिंमत नव्हे. हा फोन हरवू दे. त्या हवालदाराची बदली होऊ दे. आणि एकदा तर, नत्थूजीच मरून जाऊ दे, म्हणजे विचारणारं कोणी राहणार नाही.

हे शेवटचं तोंडातून गेलं आणि ती स्वतःलाच भ्याली. मोटरसायकलवाल्यापेक्षा जास्त.

रविवारी मंडळी चालवणाऱ्या पाळकांनी सवयीनं तिलाच उठवलं. ती उभी राहिली. खोकल्याची गोष्ट तिनं सुरूच केली नाही. "मी पोलिसाजवळ खोटं बोलली," एवढंच म्हणाली आणि बसली. कोणी आमेन म्हटलं नाही. मनोहररावांनी घाईघाईनं पुढचं गीत उचललं. भीमाबाई तिच्या कानाशी वाकली.

"उद्या किती वाजता निघाचं वं?"

ठाण्यात हवालदारानं जबाब लिहिला आणि सही करा म्हणाला. वच्छलाबाईला अक्षर लावून लावून वाचता येतं. ती म्हणाली, वाचून दाखवा. त्यानं कुरकुरत वाचला. लिफ्ट पडली, हिनं पाहिली, संपलं. छोट्या शेठचं वाक्यच नव्हतं. भीमाबाईनं टेबलाखाली तिचा हात धरला होता.

"एक गोष्ट राहिली साहेब. जायचं नसेल तर उद्यापासून घरीच बस, असं म्हणाले थे."

हवालदार म्हणाला, ते एवढं महत्त्वाचं नाही.

"मंग माही सही बी महत्त्वाची नाही. अन् हे बी लिहा, का पयल्या दिवशी मी खोटं बोलली."

यानं तुम्हीच अडकाल, असं त्यानं तिला दोनदा बजावलं. ती लिहा म्हणत राहिली. शेवटी त्यानं लिहिलं.

काम त्याच दिवशी गेलं. पावसाळा गेला, दिवाळी गेली, खटला उभा राहिला. मंडळीतले काही जण आता तिच्यापासून दोन बाक सोडून बसतात. मनोहरराव अजूनही सुंदर प्रार्थना करतात. वच्छलाबाईची भीती गेली असं समजू नका. इंजिनाचा आवाज आला की आजही तिच्या हातातलं भांडं पडतं. वर्षानुवर्षं जी साक्ष तिनं गाजवली, तिच्यात तिचं काही जात नव्हतं. या साक्षीत सगळं जातंय, आणि ही एकच नत्थूजीच्या कामाची आहे.

येत्या बारा तारखेला सकाळी अकरा वाजता ती कोर्टात उभी राहील. समोर शेठची माणसं रांगेनं बसतील, वकील तिला खोटारडी म्हणेल, तिच्या धर्माचं काढेल. तिच्या बाजूनं आजवर एकटी भीमाबाई आहे. तुम्ही नागपुरात असाल, कोणत्याही देवाचे असाल, तर त्या दिवशी एक तास काढा. घोषणा नकोत, हारतुरे तर मुळीच नकोत. मागच्या बाकावर, तिला दिसेल असे, गप बसून राहा.