चाळीचा फळा आणि माझं शीड

"खाली ठेव! आधी खाली ठेव तो फळा! होडी वाटली काय तुला?"

माझा दोस्त जिन्यावरून ओरडत उतरत होता आणि मी चाळीचा फळा खिळ्यांवरून काढून, गुडघ्यावर टेकवून विती मोजत होतो. लांबी नऊ विती, रुंदी तीन. जाडी मोजायच्या आत त्याचा आवाज कानावर आदळला. आवाज असा की समोरच्या चाळीतल्या बायकांनी वाळत घातलेले कपडे भराभर आत घेतले. त्यांना वाटलं, पोलीस आले.

त्या दिवसांत वरळीच्या आमच्या बीडीडी चाळीत पोलीस येणं ही नवलाची गोष्ट नव्हती. संयुक्त महाराष्ट्रासाठी रोज कुठे ना कुठे मोर्चा, आणि तो कुठून निघणार ते आमच्या फळ्यावर, नळाच्या वेळेशेजारी. लिहायचा हाच दोस्त, सकाळी गिरणीत साच्यावर जायच्या आधी, खडूनं. अक्षर असं की पोलीससुद्धा आधी शेवटपर्यंत वाचून घ्यायचे, मग पुसायचे. एक हवालदार तर पुसता पुसता म्हणाला होता, "वेलांटी काय काढतो साला!"

मला तो फळा हवा होता समुद्रासाठी. हल्ली टीव्हीवर फळीत शीड रोवून उभ्यानं लाटांवर पळणारी गोरी माणसं दिसतात. ही अक्कल माझी. जगात पहिला मीच ठरलो असतो, फळीपायी राहिलं.

सुट्टीच्या दिवशी कोळ्यांबरोबर होडीत जाऊन जाऊन शीड कधी सोडायचं, कधी आवळायचं ते मला कळू लागलं होतं. शिकाऊ राहिलो नव्हतो, होडी हाकणारा तांडेल झालो नव्हतो. गिरणीच्या डागी कापडाचं शीड शिवून तयार होतं. अडलं होतं फळीवर. पहिली फळी चहाच्या खोक्याच्या प्लायवूडची. तासाभरात तिचे पापुद्रे सुटले आणि तीन तुकडे तीन दिशांना गेले. त्यातला एक अलिबागला लागला, असं मी तेव्हा शपथेवर सांगायचो. दुसरी आंब्याची. ती म्हशीसारखी पाणी प्यायली आणि म्हशीसारखीच बसून राहिली.

शेवटी माहीमला होड्या दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या ख्रिस्ती सुताराकडे गेलो. त्यानं मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, गळ्यातल्या क्रुसाला हात लावला.

"नवशिका हळू जातो, पाण्यात पडतो," तो म्हणाला. "तांडेल पडतच नाय. मेला तुझ्यासारखा अर्धा शिकलेला, तो जोरात जातो नि खडकावर आपटतो. फळी फुटते ती त्याचीच. तुला साग पायजे. गाठ नसलेला, एक तुकडा. खाली चार रिकामे डबे तोंडं झाळून बांध, तरंगेल."

असा साग अख्ख्या वरळीत एकच होता. गिरणीत कापड तपासायच्या जुन्या टेबलाचा तो वरचा तक्ता, काळा रंग फासून चाळीच्या जिन्याखाली टांगलेला.

"लेका, तू हा नेलास तर मी लिहू कुठं? तुझ्या पाठीवर?" दोस्त खाली येऊन धापा टाकत म्हणाला.

"लिही की. पाठ रुंद आहे."

"पाठ रुंद, डोकं चिंचोळं. ऐक. महाराष्ट्र मिळाला की फळा तुझा. त्या दिवशी शेवटची ओळ मी लिहिणार आणि माझ्या हातानं तुला देणार. तोवर हात लावलास तर तंगडी मोडीन."

"आणि मिळालाच नाही तर?"

"मग तू बुडालास काय नि तरंगलास काय!"

त्या दिवसापासून माझ्याएवढा कडवा संयुक्त महाराष्ट्रवाला गिरणगावात झाला नाही. शिवाजी पार्कला दिलेली माझी घोषणा दिल्लीत भांडी वाजवायची. लोकांना वाटायचं, काय ही तळमळ! होतीच. पण निम्मी सागाची होती.

तो खोकायचा. खडूची धूळ, म्हणायचा. साच्यावरचा कापूस, आम्ही म्हणायचो. मग जिना चढताना त्याला दोनदा बसावं लागू लागलं, आणि मग त्याला शिवडीच्या इस्पितळात नेलं. शिवडीला नेला म्हणजे काय, ते आमच्याकडे कुणी फोड करून सांगत नसे. दर रविवारी मी जायचो.

"फळा?" हा त्याचा पहिला प्रश्न.

"आहे."

"मोजलास?"

"नाही रे."

"खोटारडा."

मी मोजलेला असायचा.

पुढं कित्येक वर्षं मी लोकांना सांगत आलो की तो मोर्च्यात गेला, छातीत गोळी लागून. ऐकणारे उभे राहायचे. आयुष्यात हजार थापा मारल्या, त्यातली एवढी एक मागे घेतो. तो खोकल्यानं गेला, एका मंगळवारी, खाटेवर. महाराष्ट्र व्हायला काही महिने उरले होते.

फळ्यावर त्याची शेवटची ओळ, शिवडीला जायच्या सकाळची, तशीच राहिली. कुणी पुसली नाही. शेजारी एक पत्रा ठोकला आणि बातम्या त्याच्यावर लिहू लागले.

महाराष्ट्र झाला. चाळीवर दिवे लागले, गुलाल उडाला. दुसऱ्या दिवशी चाळीतल्या वडीलधाऱ्यांनी मला बोलावलं. दोस्तानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. "ने," म्हणाले. मी फळा उतरवला. मोजताना एवढा जड लागला नव्हता.

घरी शीड घडी घालून ठेवलेलं, डबे झाळून तयार. समुद्र दहा मिनिटांवर. पण पहिल्याच लाटेला ती ओळ जाणार होती. मी फळा खांद्यावर घेऊन वर, त्याच्या आईकडे गेलो. नव्यानं लावलेल्या बुद्धाच्या तसबिरीखाली ती तांदूळ निवडत बसली होती. मी फळा भिंतीला टेकवला.

"मावशी, हा तुमच्याकडे ठेवा. त्याचं अक्षर आहे."

तिला वाचता येत नव्हतं. पदराला हात पुसत ती जवळ आली, पण फळ्याला हात लावला नाही.

"काय लिवलंय त्यानं?"

जन्मभर मी प्रत्येक गोष्टीला दोन शेपट्या लावत आलो. त्या वेळी तर लावणं सोपं होतं. 'महाराष्ट्र येणार' म्हणालो असतो, 'आई' म्हणालो असतो, तिनं मानलं असतं. तोंडातून निघालं ते जे होतं तेच.

"नळाला पाणी दुपारी तीनला येईल."

ती पुन्हा सुपापाशी जाऊन बसली. दोन खडे वेचून बाजूला टाकले.

"आता चारला येतं," ती म्हणाली.