अक्काला झेपेल असा चढ

मिस्त्रींच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात बसायला एकच जागा होती. जुन्या टायरांची चळत. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी तिच्यावर बसलो आणि कमरेपर्यंत आत गेलो. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी माझं चाक स्टँडवर लावलं, फिरवलं, एक डोळा बारीक करून रिमकडे बघत राहिले.

"काय करता तुम्ही?"

"साहित्य शिकलोय. सध्या छापखान्यात मुद्रितं तपासतो."

"म्हणजे लोकांच्या चुका काढता."

"हो."

"मीपण." त्यांनी एक आरा कसला, समोरचा सैल केला. चाक सरळ फिरायला लागलं. "या ग्रंथराज, चाक झालं. आता तुम्ही बाहेर या. की टायरसकट देऊ?"

तेव्हापासून मी ग्रंथ. पुढे 'तुम्ही'चं 'तू' झालं.

ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. लग्न केलेलं नव्हतं. दुकानाच्या मागे एक खोली, तिथे ते आणि त्यांची थोरली बहीण. तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची. अक्का कपड्यांच्या कारखान्यासाठी घरी बसून काज-बटणं करायच्या. त्यांचा डावा पाय लहानपणीच्या तापात गेला होता. पाय होता, पण हाताइतका बारीक. घरात चालायचं तर भिंत धरून. बाहेर मात्र सायकल. मिस्त्रींनी डाव्या पेडलला पट्टा बसवून पाऊल अडकवायची सोय केली होती आणि जोर सगळा उजव्या पायाचा. दुकानाच्या पायरीवरून बसायचं, कारखान्याच्या पायरीवर उतरायचं. मध्ये कुठे उतरणं त्यांना परवडायचं नाही. उतरलं की सायकल ढकलता येत नाही, आणि पायरीशिवाय परत बसताही येत नाही.

"सायकलवर असले की लोक आधी माझं तोंड बघतात," अक्का म्हणायच्या. "जमिनीवर आले की आधी पाय. आता तोंड काय फार बघण्यासारखं आहे असं नाही."

"आरसा आहे घरात," मिस्त्री आतून ओरडायचे.

"तू दाढी कर त्याच्यात कधी तरी, गाढवा."

शहराच्या उत्तरेला एक लांबट डोंगर आहे आणि त्याच्या पलीकडे तलाव. अक्का शाळेत असताना सगळा वर्ग चालत तलावावर गेला होता. बाईंनी अक्कांना डोंगराच्या पायथ्याशी बसवलं आणि म्हणाल्या, तू दप्तरं राख. त्यांनी दुपारभर एकेचाळीस दप्तरं राखली. मिस्त्री तेव्हा पहिलीत होते. संध्याकाळी ते बहिणीला आणायला आईबरोबर गेले होते. अक्का रडल्या नव्हत्या. दप्तरं हाताशी लागतील तितकी नीट ओळीत लावून त्या मध्ये बसल्या होत्या. हे मिस्त्रींनी मला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा 'ओळीत' या शब्दावर थांबले.

तलाव घरापासून नऊ किलोमीटर. अक्कांनी तो कधीच बघितला नव्हता. वळसा घालून बस जायची.

"बसनं जायचं असतं तर कधीच गेले असते," त्या म्हणायच्या. "मला काय पाणी बघायचंय? पाणी नळाला येतं."

म्हणून चौदा वर्षं, दर रविवारी, मिस्त्री डोंगरावर वाट शोधत होते. अक्काला एकदाही उतरावं लागणार नाही अशी वाट.

त्यांची पद्धत त्यांचीच होती. औषधाची एक चपटी बाटली अर्धी पाण्यानं भरून ती त्यांनी सायकलीच्या दांडीवर आडवी बांधली होती. चढ लागला की पाणी मागच्या बाजूला चढायचं. काचेवर एक चरा होता. तो चरा कसा पाडला, तेही त्यांनी सांगितलं. पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या रस्त्यावर अक्का चढत होत्या, बाटली त्यांच्या सायकलीला बांधलेली, मिस्त्री बरोबर चालत होते. जिथे अक्कांचं बोलणं तुटलं, तिथे त्यांनी सायकल धरली आणि खिळ्यानं काचेवर पाण्याची पातळी ओढली. त्या रेघेच्या वर पाणी गेलं की ती वाट बाद.

अंतर मोजायला आऱ्याला चामड्याची चिंधी बांधलेली. चाकाचा एक फेरा झाला की चिंधी फोर्कवर आपटायची. टक्. मिस्त्री मनात मोजायचे आणि मोजता मोजता बोलायचेही. मला ते कधी जमलं नाही.

मी दोन वर्षं त्यांच्याबरोबर हिंडलो. आधी मला वाटायचं, शहराबाहेर जायला रस्ते आहेत तेवढेच. मिस्त्रींना त्यांच्या खालच्या वाटा माहीत होत्या. जलवाहिनीच्या कडेनं देखभालीसाठी ठेवलेली मातीची पट्टी. वीटभट्टीच्या मागून शेळ्यांनी पाडलेली पायवाट. बंद पडलेल्या दगडखाणीचा जुना रस्ता, ज्यावर आता गवत होतं आणि गवतात दोन चाकोऱ्या अजून दिसत होत्या. खिंडीच्या खाली ती वाट आठ वेळा वळायची. प्रत्येक वळणावर दगडाला पिवळा ठिपका होता. मिस्त्रींनी लावलेला.

"शेळी सरळ चढते," ते म्हणायचे. "माणूस घाईत असला की सरळ चढतो. ज्याला झेपत नाही, तोच वळण घेतो. वळणं घेणाऱ्याला डोंगर जास्त कळतो, ग्रंथ. लिहून ठेव."

मी लिहून ठेवलं नाही.

हळूहळू इतर लोकही ते ठिपके बघून चालायला लागले. रविवारी सकाळी दुकानाशी कोणी ना कोणी यायचं. कुठे जाऊ, किती वेळ लागेल. मिस्त्री त्यांच्या हातावरच पेननं वाट काढून द्यायचे. "हात धुऊ नका परत येईपर्यंत."

वाट जवळजवळ पुरी झाली होती. फक्त एक जागा अडत होती. खाणीच्या वर एक ओघळ होता, खोल, दोन्ही काठ तुटलेले. खाली उतरून वर चढायला चाकाचे एकोणीस फेरे. त्या एकोणीस फेऱ्यांत पाणी रेघेच्या बोटभर वर जायचं. मिस्त्रींनी तिथे दोन वर्षं दगड टाकले. पावसात ते वाहून जायचे. अक्का तीनदा ओघळापर्यंत आल्या आणि तीनदा तिथूनच वळल्या.

"उचलून पलीकडे ठेवतो," मी म्हणालो होतो. "एकोणीस फेरे म्हणजे किती? चाळीस मीटर."

"उचलूनच न्यायचं होतं तर माझ्या आईनं नेलं असतं," अक्का म्हणाल्या. "ती तुझ्यापेक्षा दणकट होती."

मग तीन वर्षांपूर्वी वर्तमानपत्रात सूचना आली. शहराभोवती पायी आणि सायकलीनं फिरण्याचे मार्ग करायचे आहेत, नागरिकांनी सुचवावेत. मीच ती कापून दुकानात नेली. मिस्त्रींनी ती तीनदा वाचली.

"ओघळावर मोरी बांधतील?"

"मागून तर बघू."

अर्ज मी लिहिला. छान लिहिला. वाटेचा नकाशा मिस्त्रींनी काढला, टायरच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर. प्रत्येक वळण, प्रत्येक वळणाचे फेरे. मी एक वाक्य लिहिलं होतं, 'या वाटेवर लहान मूल, वृद्ध वा अधू व्यक्ती, कुणालाही सायकलवरून उतरावं लागणार नाही.' अक्कांनी काज करता करता ऐकलं.

"ते अधू काढ."

"का?"

"'कुणालाही' म्हटलंस ना? त्यात मी आलेच."

त्यांचं म्हणणं मला पटलं. वाक्य सुटसुटीत झालं. मी काट मारली.

महिन्याभरानं अभियंता आला. तरुण, सभ्य, टोपी घातलेला. तिपाईवर यंत्र लावून तो आमच्याबरोबर सगळी वाट चालला. प्रत्येक वळणावर यंत्रात बघायचा, वहीत लिहायचा, मान हलवायचा. खिंडीत पोचल्यावर त्यानं विचारलं, "साहेब, तो ओघळ सोडला तर तुम्ही चढ शंभराला चारच्या वर कुठेच नेला नाहीत. कसं काय?"

मिस्त्रींना कुणी कधी साहेब म्हटलं नव्हतं. त्यांनी बाटली दाखवली. अभियंत्यानं तिचा फोटो काढला.

"आमची माणसं तीन वर्षं ही खिंड ओलांडायची जागा शोधतायत. आणि तुम्ही औषधाच्या बाटलीनं शोधलीत!"

"ओघळावर तेवढी मोरी होईल का?"

"मोरी काय, पूल बांधू."

त्या संध्याकाळी मिस्त्री इतके बोलले की अक्कांनी दोनदा सुई बोटात टोचून घेतली. "पूल, अक्का! दगडी!"

"माझ्यासाठी पूल? मी हत्ती आहे का?"

"यंत्र आणि बाटली एकच सांगत होती. एकच! विचार ग्रंथला."

"हो अक्का," मी म्हणालो. ते खरं होतं.

पावसाळ्यानंतर वाटेवर खुंट आले. लाल फडकी बांधलेले. एक खुंट पिवळ्या ठिपक्याच्या डावीकडे, एक उजवीकडे. दोन खुंटांत पस्तीस पावलं. मिस्त्री ते अंतर परत परत चालले.

"सायकलींना एवढी रुंदी कशाला?"

आम्ही कचेरीत गेलो. अभियंता उठून उभा राहिला. चहा मागवला. त्यानं काही लपवलं नाही. शहराचा बाह्य रस्ता त्या खिंडीतून जाणार होता. सायकलीचा मार्ग दुसऱ्या टप्प्यात.

"दुसरा टप्पा कुठून?" मिस्त्रींनी विचारलं.

"बघावं लागेल. कड्याच्या बाजूनं काही मिळालं तर."

"तिकडे नाही मिळत. मी चौदा वर्षं बघितलंय."

अभियंत्यानं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "भरलेला ट्रक जास्त चढ घेत नाही हो. त्याला अशीच वाट लागते. मला वाटलं, तुम्हाला कल्पना असेल."

मी हरकतीचा अर्ज लिहिला. नंतर आणखी दोन. एकाचं उत्तर आलं, त्यात सहकार्याबद्दल आभार मानले होते. माझ्या पहिल्या अर्जाची प्रत मी घरी काढून वाचली. 'सायकल' शब्द अकरा वेळा होता. अक्कांचा उल्लेख कुठेच नव्हता.

पण त्या दिवशी, कचेरीच्या जिन्यात, मिस्त्री मध्येच थांबले. कठडा धरून.

"माझी अक्का आणि भरलेला ट्रक," ते म्हणाले. "दोघांना एकच चढ झेपतो. हे मला कसं नाही सुचलं, ग्रंथ?"

 

अक्कांना सांगितलं तेव्हा त्यांनी दोरा तोडला आणि सुईत नवा ओवला. "चांगली होती म्हणून नेली. चोरसुद्धा पारखून नेतो."

"चोरली नाही, अक्का. मी हातानं दिली."

"मग झालं तर. दिलेल्याचं काय रडायचं?"

पण त्या रात्रीपासून तलावाचं नाव घरात कुणी घेतलं नाही.

रस्ता दीड वर्षात झाला. खाण भरली गेली, ओघळ दिसेनासा झाला. तोंडाशी फलक लागला. पादचारी आणि सायकलींना मनाई. मिस्त्री आता रविवारीही दुकान उघडतात. ओळखीची माणसं अजून विचारायला येतात, आज कुठे जावं?

"घरी," मिस्त्री म्हणतात. चाकावरची नजर काढत नाहीत.

मागच्या आठवड्यात अक्कांनीच विषय काढला. "मला तो रस्ता दाखव."

"कशाला?"

"तू काढलेला आहे म्हणून."

मी टॅक्सी आणली. अक्कांना मागे बसवताना मिस्त्रींनी त्यांना उचललं. त्यांनी उचलू दिलं. मी दुसरीकडे बघितलं. मी पुढे बसलो.

फलक मागे पडला आणि गाडी चढायला लागली. पहिल्या वळणावर मिस्त्री म्हणाले, "इथून तीनशे बारा फेरे." मग, "इथे बाभळ होती." मग, "हे तिसरं." वळणं मोठी झाली होती, पण त्याच जागी होती. मागून एक ट्रक आला आणि आमच्या बाजूनं सहज वर गेला.

"ओघळ कुठे?" अक्कांनी विचारलं.

"गेला. आत्ता."

"इतकाच?"

खिंड ओलांडली आणि तलाव दिसला. लोखंडी कठड्याच्या पलीकडे, खूप खाली, राखाडी. चालकानं गाडी जरा हळू केली. "इथे थांबता येत नाही," तो म्हणाला. मागून भोंगे वाजायला लागले होते.

अक्का काचेला कपाळ लावून बघत होत्या. घड्याळात बघितलं तर फलकापासून सात मिनिटं झाली होती.

"चढ कळलाच नाही रे," त्या म्हणाल्या.

"कळू नये म्हणूनच काढला होता," मिस्त्री म्हणाले.

तलाव संपला. पुढे नुसता रस्ता होता.

"कुठे सोडू?" चालकानं विचारलं.

"परत," अक्का म्हणाल्या.