पहिली सही तात्याबाची

तात्याबा विरकराला सही करायला चेअरमननी शिकवलं होतं. हे तो कुणालाही सांगायचा, कुणी विचारलेलं नसलं तरी.

मूळचा म्हसवडकडचा. घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखलेली. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली आणि हा सांगलीजवळ माधवनगरला मागावर कामाला आला. संध्याकाळी आमच्या बालवीर फुटबॉल क्लबच्या ग्राउंडवर येऊन नुसता उभा राहायचा. एकदा बाहेर आलेला बॉल त्यानं एका हातानं झेलला. आमचे चेअरमन लालासाहेब जीपमध्ये बसून बघत होते. ते म्हणाले, "गोलात उभा राहशील का?" त्यानंतर तेरा वर्षं तो आमच्या गोलात उभा राहिला. दोन बोटं मोडली, ती वाकडीच जुळली.

सभासद करून घ्यायची वेळ आली तेव्हा यानं अंगठा पुढं केला. चेअरमन म्हणाले, "अंगठेबहाद्दर माझ्या क्लबात नको." मग रेषा मारायची फक्की घेऊन त्यांनी स्वतः गोलपोस्टजवळ वाकून त्याचं नाव मातीवर काढलं, आणि तात्याबानं ते आठ दिवस गिरवलं. नावापलीकडं तो अक्षर शिकला नाही. पण सही अशी झोकात करायचा, की आम्हा शिकलेल्यांना आपल्या सहीची लाज वाटावी.

पुढं खेळ सुटला, माग बंद पडले. चेअरमननी त्याला ग्राउंडच्या कडेची पत्र्याची खोली दिली. तिथं तो आणि त्याची बायको साळूबाई राहू लागले. ग्राउंडवर पाणी मारणं, फक्की मारणं, जाळ्या शिवणं, सगळं तात्याबाकडं. आणि क्लबची प्रोसिडिंगची वहीही त्याच्याच ट्रंकेत. ज्याला वाचता येत नाही त्याच्याकडं वही ठेवायची, ही चेअरमनची अक्कल. तेव्हा आम्हाला त्यात विश्वास दिसला होता.

आमची वार्षिक सभा खंडेनवमीला व्हायची. त्या दिवशी बूट, बॉल, पंप, शिट्टी, सगळं धुऊनपुसून मांडायचं, झेंडूच्या माळा घालायच्या, चेअरमन नारळ फोडायचे. मग भडंग आणि चहा. एका हातात भडंगाचा कागद, आणि वही फिरत यायची. पान कोरं. खाली फक्त सह्या करायच्या. मजकूर चेअरमन सवडीनं घरी बसून वर लिहायचे आणि आठ दिवसांनी वही ट्रंकेत परत यायची. पहिली सही तात्याबाची, कारण तो क्लबचा सगळ्यात निष्ठावान माणूस, असं चेअरमन दरवर्षी न चुकता म्हणायचे आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. तेवीस वर्षं आम्ही कोऱ्या पानावर सह्या केल्या. मी हायस्कुलात मराठी शिकवतो. न वाचता कशावर सही करू नये, हे पोरांना वर्गात सांगतो. ग्राउंडवर मात्र मला कधी विचारावंसं वाटलं नाही. पुढच्या आठवड्यात मॅच असायची, कोण खेळणार एवढंच डोक्यात.

सत्त्याण्णवच्या श्रावणात चेअरमन गेले आणि नानासोच्या सलूनसमोर रोज संध्याकाळी वाद सुरू झाला. ग्राउंडवर त्यांचा अर्धपुतळा बसवायचा की नाही, हा विषय. नानासो स्वतः आमचा जुना राइट हाफ. दाढी करता करता तो चेअरमनची बाजू लढवायचा, त्यामुळं गिऱ्हाइकाला मान हलवून विरोध करायचीही सोय नसे.

"बेळगावच्या फायनलला ट्रकातनं गेलो," नानासो सांगायचा. "चेअरमन केबिनमधी बसले का? न्हाई. मागं आमच्यात, पोत्यावर. रातभर गारठले. असा माणूस दावा मला."

पप्पू पंचविशीतला, पॉवरलूमवर माग दुरुस्त करणारा जॉबर. क्लबचा सभासद नाही, पण एक मॅच चुकवायचा नाही. तो म्हणायचा, "पोत्यावर बसलं ते तुमच्या येळंला. आमच्या येळंला जीप डायरेक सेंटरला यायची. त्ये येस्तवर मॅच चालू न्हाई. उन्हात दीड तास हुबं केलंय प्लेअरना. आन् पुतण्या फारवर्डला. चार वर्षांत त्यानं कुणाला पास दिल्याला दावा. इलेक्शन तरी कवा घेतलं का?"

दोघांचंही खरं होतं, आणि तेच अवघड होतं. मला चेअरमननी बूट दिले होते, माझे पहिले बूट. त्याच माणसानं माझ्या देखत आमच्या सर्वांत चांगल्या फॉरवर्डला पुतण्यासाठी बसवलं आणि मी मूग गिळून बसलो. अशा माणसाचं काय करायचं? पुतळा करायचा, म्हणजे मग विचार करावा लागत नाही.

तात्याबा या वादात पडायचा नाही. फूटपाथवर उकिडवा बसून ऐकायचा. फारच झालं तर म्हणायचा, "त्येंनी मला नाव दिलं गड्या. मी काय बोलू?"

दिवाळी झाली आणि ग्राउंडमध्ये दगड रोवले गेले. प्लॉट पाडायचे होते. खोली महिन्यात मोकळी करा म्हणून एक माणूस तात्याबाला कागद देऊन गेला. ग्राउंड विकलं गेलं होतं, दोन वर्षांपूर्वीच.

त्या संध्याकाळी सलूनसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. पप्पू म्हणाला, चेअरमननीच विकलं, खाल्लं. नानासो म्हणाला, शक्यच नाही, मागाहून पुतण्यानं कागद केले असतील. मी म्हणालो, क्लबच्या नावावरची जागा ठरावाशिवाय विकता येत नाही. ठराव नसेल तर कोर्टात विक्री टिकणार नाही.

हे ऐकून तात्याबा उठला. त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी तो गोलात असतानाही पाहिला नव्हता.

"म्हंजी वहीत नसंल तर ग्राउंड ऱ्हातंय? माझी खोलीबी?"

"हो," मी म्हणालो.

"मग झालं की. वही माझ्यापाशी हाय. मी एक सभा चुकवली न्हाई. ग्राउंड इकायची गोष्ट कवाच निघाली न्हाई. चेअरमन असलं करत्यात व्हय?"

तो धावतच गेला आणि फडक्यात बांधलेली वही घेऊन आला. हात धुऊन आला होता. वही माझ्या हातात देऊन म्हणाला, "मास्तर, मोठ्यानं वाचा. समद्यास्नी ऐकू जाऊ द्या."

मी पंच्याण्णवच्या खंडेनवमीचं पान काढलं. चेअरमनचं अक्षर वळणदार. ठराव क्रमांक चार. क्रीडांगणाची जागा क्लबला सांभाळणं शक्य नसल्यानं ती विकण्यास ही सभा मंजुरी देत आहे, सर्वाधिकार चेअरमन यांना देत आहे, ठराव सर्वानुमते मंजूर. सूचक, तात्याबा विरकर.

मी एवढं वाचलं. तिथंच थांबलो. वही मिटली.

"सूचक म्हंजी?" तात्याबानं विचारलं.

"ज्यानं ठराव मांडला तो."

"मी मांडला?"

त्या पानावर एकतीस सह्या होत्या. नानासोची होती. तो खाली बघून वस्तरा पुसत राहिला, पुसलेलाच पुन्हा पुसला. समोर उभे असलेल्यांपैकी निम्म्यांच्या होत्या आणि प्रत्येकाला ते ठाऊक होतं. शेवटी पप्पू बोलला. त्याला खरंच काही माहीत नव्हतं, म्हणून त्याला दोष देत नाही.

"आवं तात्याबा, तुमीच इकलं की वो मग."

आणि ते वाक्य सगळ्यांनी अधाशासारखं उचललं. चेअरमनला शिव्या घालणारे आणि त्यांची आरती करणारे, चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं. अडाणी माणसाच्या हाती वही दिली की असंच व्हायचं. चेअरमन मोठ्या मनाचे, पण माणूस चुकीचा निवडला. कोर्टाचं नाव मग कुणी काढलं नाही. कोर्टात वही उघडावी लागली असती. पुतळाही ठरला. प्लॉटवाल्यांनी बागेसाठी सोडलेल्या तुकड्यावर तो आज उभा आहे.

तात्याबानं खोली महिन्याच्या आत सोडली. म्हसवडला भाऊ होता, त्याच्याकडं जायचं ठरलं. निघायच्या सकाळी मी ग्राउंडवर गेलो. साळूबाई भांडी पोत्यात भरत होती. माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "मास्तर, ह्येंला चार दिस झालं जेवान जात न्हाई. येकट्यानं ठराव मांडून येवढं ग्राउंड जातंय व्हय? तुमी वाचलंय, तुमीच सांगा."

तात्याबा गोलपोस्टला टेकून उभा होता. त्यानंही तेच विचारलं, हळू आवाजात. "ठराव मांडायला माझ्या नावाम्होरं आजून कुणाचं नाव हुतं का वो, मास्तर?"

होतं. सूचक तात्याबा विरकर, अनुमोदक देवदत्त केळकर, म्हणजे मी. दरवर्षी त्याच्यानंतर वही माझ्याकडं यायची. ते नाव मी त्या संध्याकाळी वाचलं नव्हतं. आता वाचलं असतं, तर त्याला निदान सोबत मिळाली असती. तेवढ्यानं त्याला जेवण गेलं असतं. पण सांगलीत माझं नाव होतं, शाळा होती, नमस्कार करणारे विद्यार्थी होते.

"नाही, तात्याबा," मी म्हणालो.

त्यानं मान डोलावली. मग वाकून माझ्या पायांना हात लावला, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या माणसानं, आणि म्हणाला, "माफी करा मास्तर. तुमचं ग्राउंड माझ्यामुळं गेलं."