गुरुवारच्या विनंत्या

गाडी खाली उभी होती, ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नव्हता, आणि आमच्या नाशिक रोडच्या दोन खोल्यांत अकरा माणसं माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करत होती. द्वारका चौकात ट्रॅफिक लागला तर विमान चुकणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सुमनमावशीला मात्र घाई नव्हती. तिनं माझ्या पासपोर्टसाठी, पायातल्या बुटांसाठी, आयर्लंडच्या थंडीसाठी एकेक करून प्रार्थना केली. आमेन झाल्यावर हातात चहाच्या मसाल्याची बाटली कोंबली. म्हणाली, "तिकडं चहा म्हणजे नुसतं गरम पाणी असतं म्हणे." मी नर्सच्या नोकरीला निघाले होते. रडायला वेळच मिळाला नाही.

मावशी नात्यातली नाही, शेजारच्या बिल्डिंगमधली. पण गुरुवारच्या प्रार्थनेला तिची जागा आमच्या घरात ठरलेली होती, कपाटाला टेकून. गीतं झाली की बाबा विचारायचे, "कुणाची विनंती?" मग माणसं नवऱ्याला, बायकोलाही न सांगितलेलं तिथं बोलायची. बाबा नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले. तिथं सुटताना गेटवर झडती व्हायची. त्यांचा एक नियम होता : "प्रेसमधला कागद आणि प्रार्थनेतली गोष्ट गेटबाहेर जात नाही."

आमच्या दाराशी झडती नव्हती. मी घेऊन गेले.

मावशीनं सात वर्षं अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं केलं. सासू हाक मारायची ती खाटेच्या लोखंडी दांड्यावर चमचा आपटून. अख्खी मंडळी मावशीला आदर्श सून म्हणायची. एका गुरुवारी ती म्हणाली, "सकाळी बघितलं तर त्या गेल्या होत्या. मी कुणाला हाक नाही मारली. आधी चहा केला. बसून, गरम गरम प्यायले. सात वर्षांत पहिल्यांदा. मग दार उघडलं. देवानं क्षमा करावी, एवढी विनंती." मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. डोळे मिटायचे सोडून तिच्याकडे बघत बसले होते.

आयर्लंडात, कॉर्क शहरात, रविवारी चर्चला जायचे. उपासनेनंतर कॉफी, आणि "कशी आहेस?" "मजेत." तिथं कुणालाच काही विनंती नसायची. बारा तासांची शिफ्ट करून आल्यावर मी मराठीत कथा लिहायला लागले. दुसऱ्याच्या जिवात शिरायचं आणि त्याची बाजू देवापुढे मांडायची, म्हणजे प्रार्थनाच की, असं मला खरंच वाटायचं. मावशीची कथा मी जळगावला नेली, नाव बदललं, धर्मसुद्धा बदलला. चमचा आणि चहा तेवढा ठेवला. कारण खरं सांगायचं तर त्याशिवाय कथेत जीवच नव्हता. एका दिवाळी अंकानं ती छापली, आणि मी शेफारले.

तो अंक चांदवडला मावशीच्या नणंदेच्या हाती पडला. तिनं चमचा ओळखला. चमच्यावरून चहा ओळखायला कितीसा वेळ लागतो? तिनं फोनवर मावशीला विचारलं, "माझी आई गेली अन् तू चहा पीत बसली?" तेव्हापासून बोलणं बंद. मावशीचं गुरुवारी येणंही बंद.

बाबांचा फोन आला तेव्हा मी वकिली केली. म्हटलं, "प्रभूसुद्धा गोष्टीच सांगायचा ना?"

"सांगायचा. पण कुणाच्या घरची, ते ऐकणाऱ्याला कधी कळलं का?" एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

रजा काढून घरी गेले. मावशीनं सेफ्टी डोअर उघडलं नाही. जाळीतूनच म्हणाली, "बाई, आत्ता नको." पण गुरुवारी आली. कपाटाजवळ नाही, दाराशी बसली. गीतं झाली. बाबांनी विचारलं, "कुणाची विनंती?" कुणी बोलेना. पंखा तेवढा कुरकुरत होता. मग कुणीतरी म्हणालं, देशासाठी. दुसरं म्हणालं, सगळ्यांच्या आरोग्यासाठी. मला कळलं, ही माणसं माझ्यामुळे तोंड मिटून बसलीत.

मी म्हटलं, "माझी विनंती आहे. कथा मावशीची आहे हे लिहिताना मला माहीत होतं. पूर्ण झाली तेव्हा क्षमा मागावी असं मनातही आलं नाही. आनंद झाला. मावशीनं दिलेला मसाला घालून चहा केला, आणि बसून प्यायले."

बाबांनी प्रार्थना केली. आमेन होताच मावशी चपला घालून निघून गेली.

आता गुरुवारी बाबा व्हिडिओ कॉल लावतात. इकडे दुपार असते, मी वॉर्डच्या ब्रेकरूममध्ये बसते. गीतं मी त्यांच्याबरोबर म्हणते. विनंत्यांची वेळ झाली की बाबा माइक बंद करतात आणि फोन टीपॉयवर पालथा ठेवतात. काळ्या स्क्रीनकडे बघत मी बसते, कधी दहा मिनिटं, कधी वीस. तुम्ही जे मागे राहिलात, तुम्हाला वाटत असेल आम्ही सुटलो. आणि माझ्यासारखे जे निघालात, तुम्ही आपापल्या घरून काय उचलून आणलंत ते तुमचं तुम्हाला ठाऊक. माझं घर म्हणजे तो पालथा फोन. मी तो बंद करत नाही.

गेल्या गुरुवारी बाबांचा हात माइककडे आला, तेवढ्यात मागून आवाज आला. "भाऊ, राहू द्या. ऐकू दे तिला." मावशी कपाटाला टेकून बसली होती. तिनं नणंदेसाठी विनंती सांगितली, तिनं एकदा तरी फोन उचलावा म्हणून. मग थेट माझ्याकडे बघून म्हणाली, "माफ केलं असं अजून म्हणवत नाही मला. पण तू लिहिल्यावाचून राहायची नाहीस. लिही. नाव बदल, चमचा बदल. चहा राहू दे. तो मी प्यायले होते."

म्हणून इथे नाव खरं नाही, आणि चमचाही नव्हता, दुसरंच काहीतरी होतं. चहा तेवढा खरा आहे.